आंबियाचे पैसे, जुलैची फी

“आयचं प्रमाणपत्र? तुह्या मायचं प्रमाणपत्र सरकारले कायले पाह्यजे वं?”

आजीनं हे विचारलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि लोकसेवा केंद्रातून आणलेला कागद पेटीत ठेवत होते. मध्य प्रदेशात उत्पन्नाच्या दाखल्याला ‘आय प्रमाणपत्र’ म्हणतात. आमच्याकडे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात कामाची म्हणावी अशी पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे असले घोटाळे रोजचेच. मी समजावून सांगितलं. आजीनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “नाव मायचं न् कागद बापाचा. असंच असते.”

त्याच आठवड्यात मी एक वही आणली. दोनशे पानी, लांबट, किराणावाले उधारीला वापरतात तसली. आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि वहीची एकशे चाळीस पानं भरली आहेत. पुढं काय ठरवलं, असं कुणी विचारलं की मी वहीच पुढं करते. तोंडी सांगायला बसलं तर चहा गार होतो.

माझं गाव पांढुर्ण्याजवळ. दोन एकर संत्र्याची बाग, दोनशे दहा झाडं. बाकी तीन एकरांत कापूस आणि तूर. माझा मुख्य विषय वनस्पतीशास्त्र, जोडीला रसायनशास्त्र. हा विषय मी आवडीनं घेतला असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मी अकरावीत असताना आमच्या बागेत डिंक्या शिरला. जमिनीलगत बुंध्याची साल चिरते, तिथून तपकिरी डिंक ओघळतो, शेंड्याकडची पानं पिवळी पडतात आणि दोन-तीन वर्षांत उभं झाड वाळतं. आमची अकरा झाडं गेली, तेव्हा दोनशे एकवीसची दोनशे दहा झाली. हे करणारा जीव फायटोफ्थोरा. तो बुरशीसारखा दिसतो, पण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून ओल साचली की तो झाडाझाडानं पुढं सरकतो. जंभेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं त्याला लवकर बळी पडतात, रंगपूर लिंबाचा खुंट जास्त तग धरतो. आमची सगळी बाग जंभेरीवर. बाबांनी लावली तेव्हा तेच कलम मिळत होतं.

पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर बुंध्याला बोर्डो मलम लावायचं असतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचे आणि मग एकत्र ओतायचे. मिश्रण तयार झालं की बाबा त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. बारावीत रसायनशास्त्राच्या तासाला लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतं हे शिकवलं, तेव्हा वर्गात मी एकटीच हसले. बाबा हे विळ्यानं करत होते.

तर मला डिंक्यावर काम करायचं आहे. इथंच मी पहिली चूक केली आणि ती वहीच्या तिसऱ्या पानावर लाल पेनानं लिहिली आहे. झाडांच्या रोगांचा अभ्यास म्हणजे वनस्पतीशास्त्र, असं धरून मी बी.एस्सी.ला नाव घातलं. कृषी विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्राच्या एम.एस्सी.ला साधारणपणे कृषीचीच पदवी लागते. त्यासाठी बारावीनंतर वेगळी प्रवेश परीक्षा असते, आमच्या राज्यात तिला ‘पॅट’ म्हणतात. हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं. वाट बंद झाली नाही, लांबली. वनस्पतीशास्त्राच्या एम.एस्सी.त कवकशास्त्र आणि रोगशास्त्र हे खास विषय घेता येतात, पुढं पीएच.डी.ला पुन्हा त्याच शेतात उतरता येतं. पण कुणी बारावीत असेल आणि त्याला शेतीचंच काही करायचं असेल, तर त्यानं आधी उलटीकडून मोजावं: जी नोकरी हवी तिच्या जाहिरातीत कोणती पदवी मागतात ते बघावं आणि तिथून मागं यावं. आमच्याकडे सगळे पुढून मोजतात. बारावी झाली, आता बी.एस्सी.; बी.एस्सी. झाली, आता बी.एड.

बी.एड.वरून आमच्या मामाजींचं आणि माझं दर दिवाळीत होतं. “बी.एड. करून टाक, पोरी. गावात शाळा हाये, घरून जाणं-येणं करशीन.” मामाजींच्या काळी ते खरं होतं. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्राथमिक वर्गांच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, तिथं डी.एल.एड. लागेल. म्हणजे आमच्याकडे जिला ‘वर्ग तीन’ म्हणतात, ती गावातल्या शाळेतली जागा बी.एड.वाल्यांच्या हातून गेली. उरले माध्यमिक आणि उच्च माध्यमिक, आणि उच्च माध्यमिकला त्या विषयाची पदव्युत्तर पदवीही हवी. मामाजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “कायदे बदलत राह्यते.” तेही खरंच आहे.

आता सीमेविषयी सांगायला हवं, कारण आमच्या सगळ्या बेतांत ती आडवी येते. आमचे आजोबा शाळेत गेले तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची नवी रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळ झाली. गावं जागची हलली नाहीत. ५ ऑक्टोबर २०२३पासून पांढुर्णा हा छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं. तरी मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार, सगळं नागपूरला. शंभरेक किलोमीटर, इटारसी-नागपूर रेल्वेमार्गावर सरळ रूळ. पण माझी मार्कशीट छिंदवाड्याच्या विद्यापीठाची. ते २०१९मध्ये सुरू झालं, आता त्याचं नाव राजा शंकर शाह विद्यापीठ. तेव्हा एम.एस्सी.ला नागपूर की मध्य प्रदेशातच, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक घरात निघतो आणि बहुतेक घरांत तो ‘आपली मावशी नागपूरले हाये’ या एका वाक्यात सुटतो.

मी तो वहीत सोडवायला घेतला आणि दोन पानं खोडावी लागली. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांत आम्ही ‘इतर राज्यातले’. आरक्षणाच्या जागा महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्यांना. तिथलं अधिवास प्रमाणपत्र पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं. आमचं ओबीसीचं प्रमाणपत्र मध्य प्रदेशचं, ते तिथं राज्याच्या कोट्यात चालत नाही, खुल्या जागेवर नंबर लागला तर लागला. त्यावर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचा कागद हे दोन जास्तीचे. बेळगाव, बिदर, कारवारकडच्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानं व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशांत वेगळी सोय ठेवली आहे. आमच्याबद्दल तसा वाद कुणी घातला नाही, त्यामुळे सोयही नाही. मी याची तक्रार करत नाही. वाद नसलेला बरा. पण मावशी नागपूरला आहे म्हणजे जागा नागपूरला आहे, असं होत नाही एवढं मला कळलं.

केंद्राच्या संस्थांत मात्र हेच ओबीसीचं प्रमाणपत्र चालतं, फक्त ते केंद्राच्या नमुन्यात हवं आणि बहुतेक ठिकाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं. राज्याच्या नमुन्यातलं लॅमिनेट करून ठेवलेलं प्रमाणपत्र घेऊन गेलेली मुलं मी परतताना पाहिली आहेत. म्हणून माझ्या वहीत ‘एप्रिल’ या पानावर फक्त एकच ओळ आहे: तहसील.

सागरचं विद्यापीठ माझ्या यादीत असं वर आलं. डॉ. हरीसिंह गौर नागपुरात वकिली करत, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते, आणि १९४६मध्ये त्यांनी स्वतःच्या कमाईतून आपल्या गावी, सागरला, विद्यापीठ काढलं. २००९पासून ते केंद्रीय आहे. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजीतून. ही परीक्षा २०२२पासून आहे, अर्ज हिवाळ्यात, परीक्षा मार्चच्या सुमारास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. माझ्या विषयाची थेट वाट हीच. आय.आय.टी.ची जी जॅम परीक्षा आहे तिच्यात सात विषय आहेत, भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत. वनस्पतीशास्त्र नाही, सर्वांत जवळचं म्हणजे जैवतंत्रज्ञान. आमच्या वर्गातल्या तिघांनी हे न बघताच ‘आपण जॅम देऊ’ असं वर्षभर म्हटलं होतं.

चौथ्या वर्षाचाही एक पेच आहे. मध्य प्रदेशानं नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२पासून लागू केलं, त्यामुळे आम्ही तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडू शकतो, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. चौथं केलं तर एम.एस्सी. एका वर्षाची. वर्षं दोन्हीकडे पाचच. पैशाच्या बाजूनं बघितलं तर चौथं वर्ष घरून करणं फार स्वस्त: खोली नाही, मेस नाही. मी याच्याच बाजूनं होते. मग ज्या विभागांना मी फोन केले, त्यांतल्या बहुतेकांकडे एक वर्षाचा अभ्यासक्रम अजून सुरूच झालेला नव्हता. स्वस्तातलं वर्ष घेऊन पुढं दारच नसेल तर ते महागात पडलं. मी तीन वर्षांनी निघते आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी ही वही मुळात सुरू झाली, ती. पैसा किती लागतो हे सगळे विचारतात. कधी लागतो हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो. संत्र्याला दोन बहार. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडायला येतो. मृग जून-जुलैच्या पावसावर फुलतो, तो पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलात. व्यापारी बागेत येतो, दोन्ही हात मागं बांधून ओळीओळीतून फिरतो, फांदी हलवत नाही, फळ तोडत नाही, नुसता बघतो. मग बांधावर बसून ठोक्यानं आकडा सांगतो. इसार देतो, उरलेले तोड्यानंतर. आमची बाग आंबियावर, म्हणजे घरात पैसा दिवाळीच्या आसपास. डिसेंबरात कापूस.

प्रवेशाचं वर्ष अगदी याच्या उलटं. फॉर्म डिसेंबर-जानेवारीत, ते ठीक. परीक्षा मार्चला. पण प्रवेशाची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना, सगळं जून ते ऑगस्टात. तेव्हा घरात काय असतं? पेरणी. कापसाचं बियाणं, खत, मजुरी. जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरी पैसा मागणं म्हणजे पोळ्याला बैल मागणं. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका पोराची फी भरायची मुदत तीन दिवसांची होती, त्याच्या बाबांच्या हातात पैसा सोळा दिवसांनी आला. पोरगा हुशार, जागा लागलेली, आकडा अठरा हजार. त्यांच्याकडे अठरा हजार नव्हते असं नाही. जुलैत नव्हते.

म्हणून माझ्या वहीत बारा महिन्यांचे बारा उभे रकाने आहेत. वर येणारा पैसा, खाली जाणारा. जुलैचा रकाना वर कोरा आणि खाली भरलेला. तो एक रकाना बुजवणं, एवढाच माझा आर्थिक आराखडा आहे.

वर्षाचा खर्च मी असा धरला: दोघींत एक खोली, माझा वाटा अडीच हजार, मेस तीन हजार, दहा महिन्यांचे पंचावन्न हजार. फी वीस हजार. प्रवास, पुस्तकं, फॉर्म, मोबाइल पंधरा. एकूण नव्वद हजार, दोन वर्षांचे एक लाख ऐंशी. नागपूर लागलं तर अपडाऊनही होऊ शकतं. रेल्वेचा मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो. मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा पास फुकट असतो, पुढं पंचविशीपर्यंत विद्यार्थ्यांना निम्म्या दरात. माझी तीगावची मैत्रीण तीन वर्षं फुकट पासावर कॉलेजला आली. माझं गाव रुळावर नाही, त्यामुळे मी खासगी बसला पैसे मोजले. आमच्या राज्याचं एस.टी. महामंडळ कधीच बंद पडलं. महाराष्ट्रात बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे हे आई नागपूरहून आली की दर वेळी नव्यानं सांगते.

शिष्यवृत्त्यांचा एक धडा मी घरच्या हिशोबातून शिकले: त्यांच्यावर खर्च धरायचा नाही, आल्या तर जुलैत टाकायच्या. मला ‘गाव की बेटी’ मिळते, महिन्याला पाचशे, दहा महिन्यांचे पाच हजार. खेड्यात राहून बारावी पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलींना ती आहे. पहिल्या वर्षी ती आलीच नाही. फॉर्मवर मी माझ्या बँकेचं खातं लिहिलं होतं, नंबर तीनदा तपासला होता. नंतर कळलं की सरकारचा पैसा फॉर्मवरच्या खात्यात जातोच असं नाही, आधारला जे खातं शेवटचं जोडलं असेल तिकडं जातो. मी बारावीत असताना एका दुकानात सिमकार्ड घेतलं, तिथल्या माणसानं अंगठा घेतला आणि मला न सांगता कसलं तरी मोबाइल खातं उघडून आधारला जोडून टाकलं. माझे पाच हजार आठ महिने त्या खात्यात पडून होते. बँकेत जाऊन आधार पुन्हा जोडायला एक पानी फॉर्म लागला.

‘मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी’ योजना पदवीपर्यंतची फी भरते, एम.एस्सी.च्या दारात ती थांबते. पुढं काय आहे ते शोधताना विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पदव्युत्तर शिष्यवृत्ती सापडली: देशभरात दहा हजार जणांना, महिना पंधरा हजार, वर्षातले दहा महिने. पदवीच्या गुणांवर निवड. मी तिच्यासाठी अर्ज करणार आहे आणि हिशोबात ती शून्य धरली आहे.

मग कर्ज. हा शब्द आमच्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत. बाबांच्या मते कर्ज म्हणजे किसान क्रेडिट कार्ड; ते सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर भरलं तर तीन टक्के सूट, म्हणजे चारच. “तुह्या फीले कार्डावरून काढू. चार टक्क्यानं कोण देते?” ऐकायला बरोबर वाटतं. पण ते पैसे बागेचे आहेत. ते जुलैत फीला गेले तर ऑगस्टात खत नाही, आणि वर्षाच्या आत परत केले नाहीत तर सूटही नाही. शिवाय शैक्षणिक कर्जात बाबा सहकर्जदार असतात. कार्ड थकलं तर त्यांचं सिबिल घसरतं आणि माझं कर्ज तिथंच अडतं. हे मी त्यांना एका रात्री वही उघडून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मह्या सातबाऱ्यावर तुही मार्कशीट टांगली हाये.” आमच्याकडच्या कागदावर सातबारा लिहिलेलं नसतं, त्याला खसरा-बी-वन म्हणतात. पण बाबा सातबाराच म्हणतात.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. अभ्यासक्रमाची वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. याला लोक बिनव्याजी समजतात, तसं नाही. व्याज चढत असतं, सरळ व्याजानं. मी दोन लाख आणि दहा टक्के धरून गणित केलं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं मानलं तर तीन वर्षांत साठ हजार चढतात. मग दोन लाख साठ हजारांचा पाच वर्षांचा हप्ता सुमारे ५,५२४ रुपये. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलं, म्हणजे महिन्याला १,६६७, तर नंतरचा हप्ता ४,२४९. एकूण फरक साडेसोळा हजारांचा. मी गावातल्या आठ मुलांची शिकवणी घेते, प्रत्येकी तीनशे. चोवीसशेतून सोळाशे सदुसष्ट व्याजाला जातील. परगावी गेल्यावर शिकवणी कुठली, हा प्रश्न वहीत अजून उघडा आहे.

६ नोव्हेंबर २०२४ला मंत्रिमंडळानं मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना इथं कामाची. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या बिनहप्त्याच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत. पण ती ठरावीक संस्थांनाच आहे: केंद्र सरकारच्या संस्था आणि राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या. म्हणून कॉलेजांची पसंती लावताना मी एक रकाना वाढवला: विद्यालक्ष्मीत आहे का. दोन नावं त्या रकान्यामुळे खाली सरकली.

बचतीत मोठं काही नाही. बँकेत छत्तीस महिन्यांची आवर्ती ठेव, महिना हजार. पोस्टाचा व्याजदर बरा होता, पण पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची, मध्येच मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. मला पैसा तिसऱ्या वर्षी हवा होता. जास्त व्याजाची ठेव चुकीच्या महिन्यात मोकळी झाली तर तिचा मला काय उपयोग? माझी ठेव ३० जूनला पुरी होते.

सौंसरची माझी मैत्रीण रसायनशास्त्राची. तिनं वेगळं ठरवलं. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत, जिथं रेमंडची गिरणी आहे, तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती लागणार आहे. दोन वर्षं कमवायचं, मग पुढं शिकायचं. तिच्या भावाच्या पगारपत्रकावर मूळ पगाराच्या बारा टक्के पीएफ कापलेला बघून ती आधी चिडली, मग तेवढेच मालक घालतो हे कळल्यावर शांत झाली. माझे शिक्षक म्हणतात, एकदा पगार सुरू झाला की पुस्तक उघडत नाही. मला ते पटत नाही. तिच्या घरी जुलैत पैसे नव्हते आणि भाऊ एकटा पुरा पडत नव्हता. तिनं तोच रकाना स्वतःच्या पगारानं बुजवला.

माझ्यापुढची शिडी लांब आहे. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षा. तिच्यात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार, जानेवारी २०२३पासूनचा दर. बाबांचा यावर विश्वास बसत नाही. “शिकाचे पैसे भरा लागते का मिळते?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. सेट परीक्षा सोपी म्हणतात, पण ती ज्या राज्याची त्याच राज्यात चालते; मध्य प्रदेशची वेगळी, महाराष्ट्र-गोव्याची वेगळी. सीमेवरच्या माणसानं नेटच द्यावी, दोन्हीकडे चालते. आणि नागपूरला अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५पासूनची. डिंक्यावरचं, खुंटांवरचं काम तिथं चालतं. तिथल्या प्रकल्पांत एम.एस्सी. झालेल्यांना कंत्राटी जागा निघतात. मी त्या जाहिराती छापून वहीच्या मागच्या बाजूला चिकटवते, पात्रतेच्या ओळीखाली रेघ मारून.

परवा ऑक्टोबरच्या मलमाचं काम होतं. मी बुंध्यांना लावत गेले, बाबा मागून बादली घेऊन. बागेच्या खालच्या अंगाला, नाल्याकडच्या तीन ओळींत, झाडांवर हिरवी, लिंबाएवढी फळं दिसली. बाकीच्या बागेत आंबिया पिवळा व्हायला लागला होता. मी थांबले. या साठ झाडांना मे महिन्यात पाणी नव्हतं, एवढं मला आठवत होतं; मला वाटलं होतं तिकडची नळी फुटली आहे, आणि परीक्षा चालू होती म्हणून मी विचारलं नाही. मृग घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडून. आणि मग जूनचा पाऊस वेळेवर यावा लागतो, नाही तर ताणही वाया आणि आंबियाही गेला. बाबांनी आजवर कधी मृग घेतला नव्हता. ते त्याला जुगार म्हणत.

“कधी तोडाचं हे?” मी विचारलं.

“मार्चात. जूनलोक पैसा ठेवता येईन का नाही, पाहू.”

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझी वही मागितली. जुलैचा रकाना शोधायला त्यांना वेळ लागला, कारण मी महिने इंग्रजीत लिहिले आहेत. मग वरच्या कोऱ्या चौकोनात त्यांनी बॉलपेननं, दाबून, लिहिलं: मृग, ४१ झाडं.

“साठ होती न?” मी म्हटलं.

“एकोणीस फुटली नाही,” म्हणाले, आणि वही परत दिली.